सेंट ऑगस्टिन (फ्लोरिडा): ऑर्लँडोहून एका दिवसात काय आणि कसं बघावं?

सोनचाफा

एप्रिलमधल्या एका शनिवारी ऑर्लँडोहून सकाळी निघून रात्री परत यायचं, असा सेंट ऑगस्टिनचा बेत आहे. आम्ही दोघं, भारतातून आलेले सत्तरीचे आई-बाबा (बाबांचे गुडघे दुखतात) आणि आठ वर्षांची मुलगी. यादीत किल्ला, जुनं गाव, दीपगृह, समुद्रकिनारा आणि 'फाउंटन ऑफ यूथ' एवढं आहे. सगळं बसेल का? क्रम कसा ठेवावा? आई-बाबा शाकाहारी आहेत.

---

तटबंदी

बसणार नाही, आणि बसवायला जाऊही नका. किल्ला, जुनं गाव आणि पाण्याकाठची फेरी यातच दिवस भरतो. उरलेल्यातलं एकच काहीतरी निवडा.

रस्ता सोपा आहे. आय-फोर महामार्ग पूर्वेला धरायचा, डेटोनाजवळ आय-नाइन्टी-फाइव्ह उत्तरेकडे, मग एक्झिट ३११ घेऊन स्टेट रोड २०७. साधारण १०५ मैल, वाहतूक नसेल तर पावणेदोन तास. साडेसहाला घर सोडा. त्यानंतर दर अर्ध्या तासाचा उशीर गावात पार्किंग शोधताना दुप्पट वसूल होतो. (जॅक्सनव्हिलहून येणाऱ्यांनी एक्झिट ३१८ आणि स्टेट रोड १६ घ्यावा.)

पार्किंग हीच या गावातली खरी अडचण. रस्ते स्पॅनिश काळात आखलेले, अरुंद, बरेचसे एकेरी. किल्ल्याला लागून असलेला मीटरचा लॉट छोटा आहे, शनिवारी किल्ला उघडेपर्यंत भरतो. त्यात जागा मिळेल या आशेने घिरट्या घालू नका. सरळ व्हिजिटर सेंटरमागच्या बहुमजली पार्किंगमध्ये जा. तिथे सुमारे १२०० गाड्या मावतात आणि एकदाच ठरावीक रक्कम भरून दिवसभर गाडी ठेवता येते. किल्ला तिथून चालत पाचेक मिनिटांवर. बाबांना तेवढंही चालवायचं नसेल तर आधी किल्ल्यापाशी उतरवा आणि मग गाडी लावायला जा.

किल्ला ९ वाजता उघडतो. त्या वेळी दारात असाल तर पुढचा दिवस आपोआप नीट लागतो. वरच्या तोफांच्या मजल्यावर सावलीचं नाव नाही आणि फिकट दगडावरून ऊन उलटं तोंडावर येतं. एप्रिलमध्ये सोसवतं. जून ते सप्टेंबरात मात्र दुपारी बारानंतर वर थांबणं कठीण, आणि दोन-तीनच्या सुमारास गडगडाट सुरू झाला की विजेच्या भीतीने वरचा मजला बंदच करतात. दुपारी पोचलेल्या बऱ्याच लोकांना किल्ल्याचा सगळ्यात चांगला भाग बघायला मिळत नाही, तो याच कारणाने.

---

काचेचा_कंदील

तिकिटाचं सांगते. १६ वर्षांपुढच्यांना माणशी १५ डॉलर, १५ वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. म्हणजे तुम्हाला ६० डॉलर. तिकीट ७ दिवस चालतं, पावती जपून ठेवा. सकाळी बघून, गाव फिरून, संध्याकाळी पुन्हा वर जाता येतं.

किल्ला राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे, तेव्हा राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास घरात असेल तर न विसरता न्या. जिथे माणशी तिकीट असतं तिथे पासधारक आणि बरोबरचे आणखी ३ मोठे त्यावर आत जातात. तुमचे चौघं एका पासात बसतात. ज्याच्या नावाचा पास, त्याचं फोटो ओळखपत्र लागतं.

एक घोळ दरवेळी होतो. ६२ वर्षांपुढच्यांचा सीनियर पास फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठी आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना तो मिळत नाही, वय कितीही असो. खिडकीवर वाद घालून उपयोग नाही.

---

जांभा

किल्ल्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'एक चौकोनी किल्ला, चार तोफा' एवढंच बघून लोक अर्ध्या तासात बाहेर पडतात. आपल्यासारखे गडकिल्ले बघत वाढलेले लोक तिथे दोन तास सहज रमतील.

नाव कास्तियो दे सान मार्कोस. बांधकाम १६७२ ते १६९५. सिंधुदुर्गाचं काम १६६४ मध्ये सुरू झालं आणि रायगडावरचा राज्याभिषेक १६७४ चा. म्हणजे रायगडावर सोहळा चालू होता तेव्हा इथे तट चढत होते. कारणही ओळखीचं: समुद्राकडून येणारी धाड. १६६८ मध्ये रॉबर्ट सर्ल या इंग्रज चाच्याने गाव लुटलं. त्याआधीचे नऊ किल्ले लाकडाचे होते, ते कुजले, जळले, वाहून गेले. या लुटीनंतर स्पेनने दगडी किल्ल्याला पैसा दिला.

आता तो दगड. त्याला कोकिना म्हणतात. समोरच्या अनास्तासिया बेटावरच्या खाणीतून तराफ्यांवरून आणला. तटाजवळ जाऊन नीट बघा, हा दगड म्हणजे निव्वळ शिंपले आहेत. नखाएवढे आणि त्यांचे तुकडे, एकमेकांना चुन्याने चिकटलेले, मधे बारीक पोकळ्या. खाणीत ओला असताना कुऱ्हाडीनेही तुटतो. काढून ठेवला, पाणी निथळलं की कडक होतो. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: जांभ्याचा चिराही खाणीत मऊ असतो आणि वारा-ऊन लागल्यावर घट्ट होतो. दगडांची जात पूर्ण वेगळी, पण गवंड्याला सांभाळायची गोष्ट तीच. जोडायला चुना लागला तो कालवांची शिंपलं भट्टीत भाजून केला. तसा चुना आपल्या किनाऱ्यावरही होत असे.

हा दगड मऊ आहे म्हणूनच किल्ला टिकला. ग्रॅनाइटवर गोळा बसला तर तडा दूरवर जातो आणि कपच्या उडतात. कोकिनात गोळा आदळला त्या जागचेच शिंपले चुरडतात, पोकळ्या दबतात, गोळ्याचा जोर तिथेच जिरतो. तडा पुढे सरकत नाही. १७०२ मध्ये कॅरोलायना या इंग्रज वसाहतीच्या जेम्स मूरने जवळजवळ दोन महिने वेढा घातला. गावातले लोक आणि शिपाई मिळून सुमारे १५०० माणसं आत कोंडून होती. तट फुटला नाही. जाताना इंग्रजांनी गाव जाळलं. १७४० मध्ये जॉर्जियाच्या ओगलथॉर्पने २७ दिवस तोफा डागल्या, तरी तेच. तटाची जाडी बहुतेक बाजूंना १२ फूट, बंदराकडे १९.

बांधणाऱ्यांची नोंदही व्हायला हवी. हवानाहून आणलेले कारागीर होते, पण ओझी वाहणारे बहुतेक ग्वाले, तिमुक्वा आणि अपालाची या स्थानिक जमातींचे लोक. वेठीला धरलेले. शिवाय कैदी आणि गुलाम.

---

दर्यावर्दी

जांभा, फार छान लिहिलंत. बुरुजांबद्दल थोडी भर घालतो.

चारही कोपऱ्यांवर बाणाच्या पात्यासारखे टोकदार बुरूज आहेत: सान पेद्रो, सान अगुस्तिन, सान कार्लोस, सान पाब्लो. आपल्या बहुतेक गडांवर बुरूज गोल. गोल बुरुजाच्या ऐन पुढ्यात एक छोटा पट्टा असा राहतो जो शेजारच्या बुरुजावरून दिसत नाही, शत्रू तिथे लपून सुरुंग लावू शकतो. टोकदार बुरुजात तो पट्टाच उरत नाही. प्रत्येक बुरुजाची बाजू शेजारच्या बुरुजावरून माऱ्यात येते. वसईचा पोर्तुगीज कोट बघितला असेल तर ही आखणी लगेच ओळखू येईल. तोफांच्या मजल्यावर एका बुरुजाच्या खाचेत उभं राहून समोरच्या बुरुजाकडे नजर टाका, मग हे चित्राशिवाय कळतं. मुलीला तिथेच उभं करून विचारा, 'तू शत्रू असतीस तर कुठे लपली असतीस?'

आणि हो, खंदकात पाणी होतं ना? आता कोरडा दिसतो.

---

जांभा

नाही, तो कोरडाच ठेवायचा होता. जमिनीकडून हल्ला झाला तर समुद्राचं पाणी आत घेऊन फूटभर भरायची सोय होती. वेढ्यात गावची गुरं त्याच खंदकात ठेवत. विसाव्या शतकात काही काळ पाणी भरून ठेवलं होतं, त्या काळातल्या पोस्टकार्डांवरून गैरसमज पसरतो.

तटाला हात लावू नका, कडेवर बसू नका, मुलांना खरवडू देऊ नका. बोट फिरवलं तरी कण सुटतात. तोफांना पुरून उरलेला दगड माणसांच्या हातांनी झिजतोय.

---

काचेचा_कंदील

आठवड्याच्या शेवटी दिवसातून काही वेळा तोफ उडवतात. स्पॅनिश वेशातली माणसं स्पॅनिश हुकमांवर सगळी कवायत करतात. नळी पुसणं, दारू भरणं, ठासणं, बत्ती. फक्त दारूचा बार असतो, गोळा नाही. त्या दिवसाच्या वेळा आत शिरतानाच विचारून घ्या आणि १५ मिनिटं आधी वर जाऊन जागा धरा, नंतर पाठी दिसतात. आवाज जबर असतो. लहान मुलांचे कान झाका, आणि ज्यांना कानाचं यंत्र आहे त्यांनी आवाज कमी करून ठेवावा.

---

उंबरठा

गावाबद्दल. 'अमेरिकेतलं सर्वांत जुनं गाव' असं वाचून लोक १५६५ ची घरं शोधत फिरतात. पेद्रो मेनेंदेस या स्पॅनिश सेनानीने ८ सप्टेंबर १५६५ ला वसाहत केली हे खरं, आणि युरोपीय लोकांनी वसवलेलं, तेव्हापासून सलग नांदतं असं अमेरिकी संघराज्याच्या मुख्य भूमीवरचं हे सर्वांत जुनं गाव आहे हेही खरं. पण १७०२ च्या आगीत घरं गेली. गावात आज उभी असलेली जुनी घरं त्या आगीनंतरची आहेत. सेंट जॉर्ज स्ट्रीटवरची बरीचशी तर १९६० च्या आसपास जुन्या जोत्यांवर, जुन्या नमुन्यावर पुन्हा बांधलेली. हे माहीत असलं म्हणजे हिरमोड होत नाही आणि खरं जुनं ते ओळखता येतं: खालचा मजला कोकिनाचा, वरचा लाकडी, रस्त्यावर झुकलेली गॅलरी, आणि दार रस्त्यावर नाही तर बाजूच्या अंगणातून.

चालायचा क्रम असा ठेवा. किल्ल्यातून बाहेर पडलात की समोरच सिटी गेट, १८०८ चे दोन कोकिनाचे खांब. तिथून सेंट जॉर्ज स्ट्रीट सुरू होतो, फक्त पायी. गावच्या मुख्य चौकापर्यंत सहा-सातशे मीटर. अकराच्या आत पार करा, बारा ते चार खांद्याला खांदा लागतो. गर्दी झाली तर एक गल्ली सोडून समांतर स्पॅनिश स्ट्रीटने चला. चौकाच्या दक्षिणेचा आविलेस स्ट्रीट जास्त शांत आहे आणि मला विचाराल तर जास्त सुंदरही.

चौकातून पश्चिमेला दोन मिनिटांवर फ्लॅगलर कॉलेज. रॉकफेलरचा भागीदार हेन्री फ्लॅगलर याने १८८८ मध्ये उघडलेलं हे पॉन्से दे लेओन हॉटेल. भिंती कोकिना मिसळलेल्या ओतीव काँक्रीटच्या, जेवणघरात टिफनीच्या रंगीत काचा. अंगण बघता येतं, आतला भाग ठरलेल्या वेळांच्या फेरीतच. समोर लाइटनर म्युझियम. तेही फ्लॅगलरचंच जुनं हॉटेल, तिथल्या कोरड्या पोहण्याच्या तलावाच्या तळाशी आता कॅफे आहे. उन्हात दमलेल्या ज्येष्ठांना बसायला उत्तम, थंड आणि मोकळं.

---

गोदातीर

चौकातून तसेच निघून जाऊ नका. तिथे १९६४ च्या आंदोलनाचं स्मारक आहे. त्या उन्हाळ्यात या गावात वर्णभेदाविरुद्ध रोज मोर्चे निघत होते. ११ जून १९६४ ला मार्टिन ल्यूथर किंग यांना इथल्या मॉन्सन मोटर लॉजच्या दारात अटक झाली. १८ जूनला त्याच मोटेलच्या पोहण्याच्या तलावात कृष्णवर्णीय आणि गोरे कार्यकर्ते एकत्र उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने पाण्यात आम्ल ओतलं. ते छायाचित्र जगभर गेलं. नागरी हक्क कायद्यावर सही झाली २ जुलैला. चौकाच्या दक्षिणेकडची लिंकनव्हिल वस्ती या लढ्याचं घर.

गाडीने दोन मैल उत्तरेला फोर्ट मोसे आहे. कॅरोलायनाच्या मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांना स्पॅनिशांनी इथे १७३८ मध्ये स्वतंत्र वसाहत दिली, कायद्याने मान्यता असलेली. अट अशी की कॅथलिक व्हायचं आणि शहराच्या रक्षणासाठी लढायचं. खाऱ्या दलदलीतून लाकडी पायवाट आहे, सपाट, बाबांना जमेल. पाऊण तास पुरतो. माझं मत विचाराल तर 'फाउंटन ऑफ यूथ' ऐवजी हे बघा.

---

मीठागर

गोदातीर, फोर्ट मोसेला अनुमोदन, पण 'फाउंटन ऑफ यूथ' इतकं झटकू नका. चिरतारुण्याच्या झऱ्याची कथा पॉन्से दे लेओन या स्पॅनिश शोधकाला नंतर चिकटवलेली आहे, पाण्याला गंधकाचा वास येतो, आणि तिकीट सगळ्यांचं मिळून जड जातं. हे सगळं कबूल. पण ती जागा खोटी नाही. मेनेंदेसची १५६५ ची पहिली छावणी आणि तिमुक्वांचं सेलोय हे गाव तिथेच होतं, उत्खननात सापडलंय. मोर आहेत, मोकळी जागा आहे, आठ वर्षांच्या मुलीला आवडेल. फक्त दोन तास हातात हवेत, आणि तुमच्या दिवसात ते नाहीत.

त्याला लागूनच नोम्ब्रे दे दिओस मिशन आहे. फुकट, जुन्या ओकची गर्द सावली, आणि खाडीकाठी २०८ फूट उंच क्रूस. त्याच इतिहासाची जागा अर्ध्या तासात बघून होते.

---

कोकमसार

जेवण. गावाची खासियत म्हणजे दातिल मिरची. १७७७ मध्ये न्यू स्मर्नाच्या निळीच्या मळ्यांतून सुटून इथे आलेल्या मिनोर्कन (भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटाच्या) लोकांच्या स्वयंपाकातली. हाबानेरोच्या जातीची, तेवढीच जहाल, पण आधी फळासारखा गोड वास येतो आणि तिखट मागाहून चढतं. सॉसची बाटली परत नेण्यासारखी. मूळ मिरची चावून बघू नका.

मिनोर्कन पदार्थ शाकाहारी नाहीत. चाउडर या दाट सूपमध्ये तिसऱ्या म्हणजे शिंपल्या (आणि बहुधा डुकराचं मांस), पिलावमध्ये कोळंबी किंवा कोंबडी. हो, पिलावच. लिहितात आपल्या पुलावासारखं, उच्चार 'पर्लो'च्या जवळचा.

आई-बाबांसाठी क्युबन-स्पॅनिश ठिकाणी तळलेली केळी, युका (कसावाचा कंद), चीजचे एम्पनाडा (करंजीसारखे) चालतील. 'व्हेजिटेरियन आहे का' एवढं विचारून भागत नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: काळ्या घेवड्यात हॅम आहे का, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलाय का, तळण डुकराच्या चरबीत आहे का. ठाम उत्तर मिळालं नाही तर पिझ्झा बरा. सगळ्यात निर्धास्त म्हणजे डब्यात पोळी-भाजी किंवा दशम्या. किल्ल्याच्या आत खाता येत नाही, पाणी चालतं. बाहेर हिरवळीवर खाडीकडे तोंड करून बसा. सीगल पक्षी हातातला घास पळवतात, डबा उघडा ठेवू नका.

साडेअकराला किंवा दोननंतर जेवा. शनिवारी साडेबारा ते दीड सगळीकडे रांग.

---

दर्यावर्दी

दीपगृह: १८७४ चं, १६५ फूट, २१९ पायऱ्या, लिफ्ट नाही. चढायला मुलांची उंची किमान ४४ इंच लागते, तुमची मुलगी बसेल. बाबांनी खाली ओकच्या सावलीत थांबायचं. ब्रिज ऑफ लायन्स ओलांडून पलीकडे, गाडीने दहाएक मिनिटं. पूल १९२७ चा, उघडणारा. बोटी असतील तर दिवसा तासाला आणि अर्ध्या तासाला उघडतो, तेव्हा घड्याळ बघून निघा. पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर वाहतूक चौकापर्यंत तुंबते.

किनारा हवाच असेल तर दीपगृह सोडा आणि अनास्तासिया स्टेट पार्कला जा, एका गाडीला ८ डॉलर. तिथेच कोकिनाची जुनी खाणही आहे. सकाळी तट बघून दुपारी खाण बघितली की गोष्ट पूर्ण होते. पोहण्याआधी झेंडा बघा, लाल असेल तर आत ओढणारा प्रवाह असतो. गुडघाभर पाण्यापुढे नको.

---

मीठागर

धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी: सप्टेंबर ते नोव्हेंबर, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी गटारांतून उलटं वर येऊन सखल रस्त्यांवर साचतं, पाऊस नसला तरी. निघण्याआधी भरतीची वेळ बघा आणि खाऱ्या पाण्यातून गाडी घालू नका, खालचं लोखंड गंजतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत सगळं गाव पांढऱ्या दिव्यांनी उजळतं. देखणं असतं, पण त्या शनिवारी संध्याकाळी पाचला पोचणाऱ्याला गाडी लावायला जागा नाही. मंगळवार-बुधवार गाठा.

---

सोनचाफा

किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी! दीपगृह आणि फाउंटन ऑफ यूथ काढून टाकले. किल्ला, गाव, मग अनास्तासियाची खाण आणि किनारा. एकच शंका: बाबांना तोफांच्या मजल्यावर जाता नाही आलं तर ते खाली दीड तास काय करतील?

---

जांभा

वर जायला जिना एकच आणि लिफ्ट नाही, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा. खालचा मजला सपाट आहे, व्हीलचेअरही जाते. किल्ल्याच्या आतल्या अंगणाभोवतीच्या कमानदार खोल्यांत पहारेकऱ्यांची जागा, कोठारं, प्रार्थनाघर. या जाड छताच्या खोल्या भर उन्हातही गार राहतात. अमेरिकन सैन्याने १८७५ ते १८७८ मैदानी प्रदेशातल्या जमातींचे कैदी याच किल्ल्यात ठेवले होते. त्यांनी हिशेबाच्या वह्यांच्या कागदावर काढलेली चित्रं प्रसिद्ध आहेत. तो भाग सावकाश वाचण्यासारखा आहे, आणि वाचणाऱ्याला दीड तास कमी पडेल.

मग बाहेरून खाडीच्या बाजूला न्या. तिथे खंदकात विटांची एक बसकी भट्टी आहे, १८४४ ची, तोफगोळे लाल तापवून लाकडी जहाजांवर सोडण्यासाठी. पुढे समुद्राच्या भिंतीवरून रुंद, सपाट वाट पुलापर्यंत जाते, तिला तिकीट नाही. सकाळी साडेदहानंतर तिथे ऊन लागतं, म्हणून बाबांची ही फेरी संध्याकाळसाठी ठेवा. किनाऱ्यावरून परतताना साडेसहाच्या सुमारास. एप्रिलमध्ये तोवर ऊन गावाच्या मागे उतरलेलं असतं आणि मीटरच्या लॉटमध्येही जागा सुटू लागते.